कुंडीतल्या मुळांनाही हवा लागते

मुंब्रा असो, भिवंडी असो की मालेगाव, आज बहुतेक घरांना अंगण राहिलेले नाही. झाडांची हौस मात्र टिकून आहे. खिडकीच्या जाळीत, जिन्याच्या कोपऱ्यात, गच्चीवर पुदिना, कढीपत्ता, मिरची, मेंदी, मोगरा यांच्या कुंड्या दिसतातच. पण रोपवाटिकेतून आणलेले हिरवेगार रोप दोन-तीन महिन्यांत पिवळे पडते. मग खत वाढवले जाते, पाणी वाढवले जाते आणि रोप आणखी लवकर मरते. ‘आमच्या हातालाच गुण नाही’ असे म्हणत रिकामी कुंडी माळ्यावर जाते. अशा वेळी दोष बहुधा हाताचा नसतो, कुंडीत भरलेल्या मातीचा असतो.

रोप का कुजते?

जमिनीत मुळांना पसरायला जागा असते आणि गांडुळे माती मोकळी करत असतात. कुंडीत सारा संसार वीतभर जागेत. मुळांना पाणी आणि अन्न लागते तशी हवाही लागते. नुसती माती भरलेल्या कुंडीत रोज पाणी घातले की बारीक कण दाबले जातात, कणांमधल्या पोकळ्यांत पाणी साचते आणि मुळे गुदमरून कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. त्यामुळे ओल्या कुंडीतले रोपही तहानलेल्यासारखे मान टाकते आणि आपण त्याला पुन्हा पाणी घालतो.

आपल्याकडच्या काळ्या मातीत हा त्रास अधिक. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातली ही माती कापसाला उत्तम. पण ती भिजली की फुगते, वाळली की आक्रसून तिला भेगा पडतात. कुंडीत तिचा गोळा होतो आणि कडेने घातलेले पाणी तसेच खाली वाहून जाते. कोकणातली तांबडी माती मोकळी असते, निचरा चांगला होतो, पण तिच्यात अन्नांश कमी. म्हणजे एकीला सैल करायचे आणि दुसरीला पोसायचे.

मिश्रणाचे प्रमाण

तराजू नको. एकच घमेले किंवा जुना डबा माप म्हणून घ्यावा.

तांबडी माती असेल तर : माती २ भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत १ भाग, कोकोपीट १ भाग.

काळी माती असेल तर : माती, खत, कोकोपीट आणि जाड वाळू, प्रत्येकी १ भाग. काळ्या मातीत चिमूटभर वाळू घालून काही होत नाही. वाळू मापानेच घालावी.

प्रत्येक कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. तिच्यामुळे मुळांना उपद्रव देणाऱ्या किडींना आळा बसतो.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. त्याची दाबलेली वीट रोपवाटिकेत मिळते. ती बादलीत भिजवली की कित्येक पट फुगते. एकदा पाणी बदलून, पिळून घ्यावी म्हणजे त्यातला क्षार निघून जातो. कोकोपीट नसेल तर भात गिरणीतले तूस किंवा चुरलेली शेंगांची टरफले चालतात. वाळू नदीची, जाडसर आणि चाळलेली असावी. समुद्राची वाळू घालू नये. तिच्यातले मीठ रोपाला मारते. चुलीची राख कोकणच्या आंबट मातीत चिमूटभर चालते, काळ्या मातीत नको. ती आधीच क्षारयुक्त असते.

खत घरातूनच

खताची परीक्षा नाकाने करावी. कुजलेल्या खताला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. शेणाची दुर्गंधी येत असेल तर ते कच्चे आहे. कच्चे खत कुजताना गरम होऊन मुळे जाळते आणि त्यात हुमणीच्या अळ्याही असू शकतात.

बकरी ईदच्या आधी अनेक घरी काही दिवस बकरा बांधलेला असतो. त्याच्या लेंड्या आणि उरलेला पाला कचऱ्यात जातो. वास्तविक लेंडीखत कुंडीसाठी फार चांगले. लेंड्या आणि पाला गोणीत भरून सावलीत ठेवावे, अधूनमधून पाणी शिंपडून खालीवर करावे. साधारण तीन महिन्यांत खत होते. मात्र रक्त, आतडी, मांस, हाडे कुंडीत किंवा खताच्या बादलीत घालू नयेत. दुर्गंधी, माश्या आणि उंदीर येतात, शेजाऱ्यांना त्रास होतो. त्यांची विल्हेवाट पालिकेच्या व्यवस्थेतूनच लावावी.

रमजानमध्ये फळांच्या साली भरपूर निघतात. भोके पाडलेल्या झाकणाच्या बादलीत सालीचा एक थर आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला असे भरत जावे. चहाचा चोथा धुऊन घालावा, नाहीतर साखरेमुळे मुंग्या लागतात. खजुराच्या बिया लवकर कुजत नाहीत, त्या वगळाव्यात.

खताचे काम वेगळ्या कपड्यांवर करावे आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत, म्हणजे नमाजच्या वेळी धावपळ होत नाही. कुंडीतला पुदिना, कोथिंबीरही नीट धुऊनच खावी.

मुठीची परीक्षा

मिश्रण एकजीव करून थोडे पाणी शिंपडावे आणि मूठभर घेऊन दाबावे. लाडू वळला आणि बोट लावताच फुटला, तर मिश्रण जमले. फुटलाच नाही तर कोकोपीट किंवा वाळू वाढवावी. वळलाच नाही तर माती किंवा खत वाढवावे.

कुंडीच्या तळाशी भोक हवेच. त्यावर खापराचा एक तुकडा किंवा जाळी ठेवली की पुरे. तळाशी खडीचा जाड थर देण्याची रीत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत पाणी खडीत उतरत नाही, उलट मुळांची जागा कमी होते. वरून दोन बोटे जागा मोकळी सोडावी. पाणी घातल्यावर ते पृष्ठभागावर तुंबू नये, थोड्याच वेळात खालून बाहेर यावे.

पुढचे पाणी बोट घालून पाहूनच द्यावे. वरचा बोटाच्या पेरभर थर सुकला असेल तरच. वुजू करताना नळाखाली टोपले ठेवले तर तेच पाणी कुंड्यांना पुरते. वुजूतही पाण्याची उधळपट्टी नको, ही आपल्याला शिकवण आहेच. वर्षातून एकदा वरची माती काढून तिच्या जागी नवे खत भरावे.

मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे किंवा पिकाचे माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो, अशा आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्यात बागेच्या आकाराची अट नाही. सुरुवात पुदिन्यापासून करावी. बाजारातल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. दोन आपल्या कुंडीत लावाव्यात आणि दोन, मूठभर मिश्रणासह, शेजारच्या घरी द्याव्यात. इफ्तारच्या चटणीला दोन्ही घरांत पुदिना असेल.