सगळे दादा कुठे गेले?

ईदच्या नमाजनंतर आम्ही मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना सलाम करायला निघतो. यंदा घरोघरी दादी भेटल्या, नानी भेटल्या, शीरखुर्म्याच्या वाट्या पुढे आल्या. घरी परतताना धाकट्याने विचारले, "सगळे दादा कुठे गेले?"

आम्ही अडखळलो. नवरा वयाने मोठा असतो, म्हणून दादी मागे राहतात, हे एक कारण झाले. पण तेवढेच नाही. २०१६-२० च्या सरकारी आकड्यांनुसार भारतात पुरुषांचे सरासरी आयुर्मान ६८.६ वर्षे, तर स्त्रियांचे ७१.४ वर्षे आहे. बायका जास्त जगतात हे आपण धरूनच चालतो. शंभरी गाठणाऱ्यांत तर बहुतेक देशांत एका पुरुषामागे चार-पाच स्त्रिया असतात.

मात्र भूमध्य समुद्रातल्या सार्डिनिया या इटलीच्या बेटावर, पूर्वेकडच्या डोंगराळ गावांत, हे प्रमाण जवळजवळ बरोबरीचे निघाले. जितक्या दादी शंभरीच्या, जवळपास तितकेच दादा! जियान्नी पेस या तिथल्या डॉक्टरांनी हे मांडले, तेव्हा बेल्जियमचे लोकसंख्यातज्ज्ञ मिशेल पुलँ यांना ते खरे वाटेना. ते स्वतः बेटावर गेले, गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ताडून पाहिल्या. नोंदी खऱ्या ठरल्या आणि २००४ मध्ये दोघांचा शोधनिबंध इतर सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झाला. (आपल्याकडे हे कठीणच. शाळेच्या जुन्या रजिस्टरात निम्मे गाव १ जूनला जन्मलेले असते, आणि तो पराक्रम आम्हा गुरुजी लोकांचाच!) याच बेटावरचे अंतोनियो तोद्दे २००२ मध्ये वारले, तेव्हा ते जगातले सर्वांत वयोवृद्ध पुरुष होते. त्यांना ११३ वर्षे पूर्ण व्हायला एकोणीस दिवस कमी होते. काम मेंढपाळाचे.

मेंढपाळी हाच या गोष्टीचा गाभा आहे. पुढे पेस यांनी गावागावांची तुलना केली, तेव्हा पुरुषांच्या दीर्घायुष्याशी तीन गोष्टी जुळल्या: मेंढपाळी, गावाची चढण आणि घरापासून कामाच्या जागेपर्यंतचे अंतर. ताटात जवाची भाकरी, शेळी-मेंढीचे दूध, कडधान्ये, परसातली भाजी, मटण कधीमधी. तिथल्या द्राक्षाच्या दारूचेही फार कौतुक होते, तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. म्हातारे वेगळे पडत नाहीत, लेकी-सुना-नातवंडांत राहतात. हे मात्र आपल्याला शिकवावे लागत नाही.

वाचता वाचता आम्हाला आपली शाहूवाडीच दिसू लागली. चढण म्हणाल तर आंब्यापासून विशाळगडापर्यंत चढणच. धनगरवाडे आहेत, नाचणीची भाकरी आहे, हुलगे आहेत. मग आपले पुरुष का गळतात? आमच्या ओळखीतले कितीतरी जण विशीत मुंबईला गेले, पन्नाशीत शुगर-बीपी घेऊन परतले. जे इथेच राहिले, ते मलकापूरच्या बाजारालाच काय, कोपऱ्यावरच्या दुकानातही मोटारसायकलवर जातात. आणि तंबाखू! २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले ४२.४ टक्के पुरुष ती कोणत्या ना कोणत्या रूपात घेत होते, स्त्रिया १४.२ टक्के. आपल्या मोहल्ल्यात बिडी-माव्याला कुणी व्यसन म्हणतही नाही. छातीत दुखले तरी "गॅस झालाय" म्हणून दोन दिवस काढणारे आपलेच भाऊ आहेत. अम्मी-आपांनी डॉक्टरकडे चला म्हटले, तर त्यांच्यावरच ओरडणारेही.

आमच्या अब्बांनी लहानपणी शेळ्या राखल्या, चार कोस चालून शाळा केली. निवृत्तीनंतर मात्र मशिदीलाही स्कूटरवर जाऊ लागले. गेल्या महिन्यापासून फज्रनंतर आम्ही दोघे टेकडीवर चालत जातो. पहिल्या आठवड्यात ते रागावले होते. तंबाखूची डबी अजून खिशात आहे, पण दिवसातून चार वेळा निघायची, ती आता दोनदाच निघते. चढावर ते पुढे असतात, मध्येच थांबून आम्हालाच विचारतात, "दम लागला का?" लागतो, खरेच लागतो.