फॉर्मवरचे गुण आणि मनावरचा घाव



नवी पेठेतील कार्यालयात भेटायला येणारे हितचिंतक अलीकडे एक प्रश्न आवर्जून विचारतात. "भयंकर प्रसंगातून गेलेल्या माणसांसाठी म्हणे छापील प्रश्नावली मिळते. ती भरून घेतली की कोणाच्या मनाला आजार जडला आहे ते कळते. मग पारधी वस्त्यांवर ती सगळ्यांकडून भरून का घेत नाही? अहवालात आकडाही देता येईल." प्रश्न चांगल्या हेतूचा आहे. समुपदेशनाचे काम मी पाहते, म्हणून उत्तर माझ्याकडे आले. थोडक्यात सांगायचे तर, कोणाशी आधी बोलायला हवे हे प्रश्नावली सुचवते. कोण आजारी आहे, हे ती ठरवू शकत नाही. असे का, ते समजावून सांगते.

आजार कोणता?

भूकंप, अपघात, जाळपोळ, मारहाण, अत्याचार अशा प्रसंगानंतर भीती वाटणे, झोप उडणे हे स्वाभाविक आहे. बहुतेकांचे मन काही आठवड्यांत आपोआप सावरते. काहींचे सावरत नाही. प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येतो किंवा स्वप्नात दिसतो. त्याची आठवण करून देणारी जागा, माणसे, बोलणे ती व्यक्ती टाळू लागते. मन बधिर होते, स्वतःलाच दोष देऊ लागते. जराशा आवाजाने ती दचकते, सतत सावध राहते. हे सारे महिन्याहून अधिक काळ टिकले आणि रोजचे जगणे अडू लागले, तर डॉक्टर त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. या नावाने तो १९८० साली अमेरिकेतील मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आला. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल त्यामागे होते.

प्रश्नावली कशी असते?

सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे पीसीएल-५. तीत २० प्रश्न असतात. गेल्या महिन्यात अमुक त्रास किती झाला, याला शून्य ते ४ गुण द्यायचे. एकूण गुण ८० पर्यंत जाऊ शकतात. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले, तर नीट तपासणी करावी असा संकेत आहे. याहून छोटी, केवळ पाच 'हो-नाही' प्रश्नांची चाळणीही आहे. निदान मात्र प्रशिक्षित व्यक्तीने समोर बसून, सविस्तर विचारपूस करूनच करायचे असते.

या साधनाचे मोल कमी नाही. तोंडाने जे बोलवत नाही, ते काही जण कागदावर खूण करून सांगतात. उपचार चालू असताना दर काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली भरली, तर त्रास उतरतो आहे की नाही ते दिसते. तापाच्या रुग्णाला थर्मामीटर लावावे, तसेच हे. थर्मामीटर ताप दाखवते. तो मलेरियाचा की टायफॉइडचा, हे सांगत नाही.

किल्लारीने काय शिकवले?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून दमून झोपलेली माणसे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार जीव गेले. जखमींना आपल्या सोलापुरातही आणले गेले. वाचकांपैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील.

त्या भूकंपातून वाचलेल्या ग्रामस्थांची मानसोपचारतज्ज्ञांनी तपासणी केली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्या अभ्यासात सुमारे ५९ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. आघातोत्तर तणाव विकार सुमारे २३ टक्क्यांना होता आणि तीव्र नैराश्य सुमारे २१ टक्क्यांना. म्हणजे नैराश्याचे प्रमाण जवळजवळ तितकेच होते. केवळ भीतीविषयीच विचारणारा फॉर्म घेऊन कोणी गेले असते, तर गप्प बसून राहिलेली, जेवण सोडलेली कितीतरी माणसे नजरेतून निसटली असती.

आणखी एक गोष्ट. भूकंपानंतर लोक घरात झोपायला घाबरत, उघड्यावर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये राहत. फॉर्मच्या भाषेत हे 'टाळणे' झाले. पण जमीन अजून हादरत असताना माळवदाखाली न झोपणे हा शहाणपणाच आहे. धोका टळल्यावर, कित्येक महिन्यांनी, पक्क्या नव्या घरातही पाऊल टाकवत नसेल, तर ते लक्षण म्हणायचे. फॉर्मला हा फरक कळत नाही. विचारणाऱ्याला कळला पाहिजे.

पारधी वस्तीवर तर हे पावलोपावली जाणवते. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. सोलापुरातही त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवणारी सेटलमेंट होती. त्या भागाला आजही लोक त्याच नावाने ओळखतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण लोकांच्या मनातला संशय गेला नाही. रात्री गाडीचा आवाज आला की जी आई पोरांना उठवून बसते, ती 'सतत सावध असता का?' या प्रश्नाला पूर्ण ४ गुण देईल. तिची भीती जुनी आहे की उद्याचीच आहे? उद्याचीच असेल, तर तिला औषधाआधी वकील, जातीचा दाखला आणि राहायला हक्काची जागा हवी.

शब्दांचा घोळ

प्रश्नावली इंग्रजीत तयार झाली. मराठीत आणताना शब्द सांभाळावे लागतात. 'त्या प्रसंगाच्या आठवणी येतात का?' असे विचारले, तर मुलगा गमावलेली आई म्हणेल, "येते ना, रोज येते." आपल्या भाषेत 'आठवण येते' म्हणजे त्याच्यावाचून करमत नाही. ते दुःख आहे, माया आहे, आजार नव्हे. 'नको असताना तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो का?' असे विचारले, तरच प्रश्न नेमका होतो. म्हणूनच चांगले भाषांतर झाल्यावर दुसऱ्या माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घेतात आणि मुळाशी ताडून पाहतात. नंतर वस्तीतल्या माणसांना वाचून दाखवून, त्यांना काय समजले ते विचारतात.

आमच्या अनेक वस्त्यांवर घरात पारधी बोली चालते, आणि मोठ्या माणसांना वाचता येत नाही. तिथे 'स्वतः भरायचा' फॉर्म प्रत्यक्षात कोणीतरी वाचून दाखवायचा फॉर्म होतो. शून्य ते ४ हे गुणही अवघड जातात. त्यापेक्षा समोर ज्वारीचे चार दाणे ठेवावेत. जितका त्रास, तितके दाणे उचलायला सांगावे. 'छातीत धस्स होते', 'डोके भणभणते', 'जीव लागत नाही' अशा बोलण्याकडेही कान हवा. हे शब्द कोणत्याही फॉर्मवर नसतात, पण त्रास अनेकदा याच शब्दांत सांगितला जातो.

कोण विचारतो, कुठे विचारतो?

उत्तर विचारणाऱ्याकडे पाहून दिले जाते. धान्यवाटपाच्या रांगेत फॉर्म दिला, तर माणसाला वाटते की गुण जास्त तर मदत जास्त. यात लबाडी नाही. भुकेल्या माणसाने लावलेला सरळ हिशोब आहे. उलट सासूसमोर विचारले, तर सून 'काही नाही' म्हणेल. आपल्या मंडळीतही हे घडते. भीती वाटते असे कबूल केले, तर विश्वास कमी पडला असे कोणी म्हणेल, या धास्तीने चांगले विश्वासू लोक सगळीकडे शून्य लिहितात.

आकड्यांची फसगत

एक कल्पित हिशोब पाहा. वस्तीत २०० माणसे आहेत आणि त्यांपैकी २० जणांना खरोखर हा विकार आहे. फॉर्म चांगला आहे: २० पैकी १६ जणांना तो बरोबर हेरतो. उरलेल्या १८० पैकी ३६ जणांवर मात्र चुकून बोट ठेवतो. एकूण ५२ जणांचे गुण जास्त आले. त्यांत खरे आजारी १६. चार जण सुटूनच गेले. आता 'वस्तीत ५२ मनोरुग्ण' असे अहवालात छापले तर? ज्या लोकांनी एक शिक्का पिढ्यान्‌पिढ्या वाहिला, त्यांच्यावर आपण दुसरा मारू.

मग करावे काय?

आधी पुढची सोय, मग प्रश्न, हा नियम आम्ही पाळतो. जखम उघडून तशीच सोडून जाणे बरे नव्हे. म्हणून ज्या दिवशी प्रश्न विचारायचे, त्या दिवशी बोलायला माणूस आणि पाठवायला डॉक्टर ठरलेला असतो. प्रश्न एकांतात, त्यांच्या बोलीत, परवानगी घेऊन विचारतो. 'नको' म्हटले तर थांबतो. मदत गुणांवर अवलंबून नाही, हे आधीच सांगतो. आणि पीसीएल-५ च्या २० प्रश्नांत जीव देण्याच्या विचाराबद्दल एकही प्रश्न नसल्यामुळे तो वेगळा, थेट पण हळुवारपणे विचारतो. वस्तीचा आकडा मात्र आम्ही छापत नाही.

आपल्या घरात, शेजारी, मंडळीत कोणी असा त्रास सोसत असेल, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात घेऊन जा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

ईयोबाचे मित्र नंतर पुष्कळ बोलले आणि चुकले. पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, आणि तेवढे त्यांनी योग्य केले. फॉर्म भरून व्हायला दहा मिनिटे पुरतात. त्यानंतर शेजारी बसायला माणूस लागतो. आपल्या देणगीतून आम्हाला छापील कागदांपेक्षा त्या बसण्याचा वेळ अधिक हवा आहे.