कणा सर्वांनाच नसतो

बँकेतून सुटल्यावर आम्ही वस्तीतील अभ्यासिकेत मुलांना शिकवायला बसतो. आम्ही कला शाखेचे पदवीधर. विज्ञान शिकवताना पुस्तक उघडे ठेवावेच लागते. एकदा मात्र पुस्तक न पाहताच आम्ही सांगून टाकले, “समपृष्ठरज्जू प्राणी म्हणजे पाठीचा कणा असलेले प्राणी.” एका मुलीने परीक्षेत तेच लिहिले व तिचे गुण गेले. चूक तिची नव्हे, आमची. म्हणून हा लेखप्रपंच.

समपृष्ठरज्जू प्राण्यांत आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या अवस्थेत चार गोष्टी आढळतात. पाठीच्या बाजूने शरीराला आधार देणारी लवचीक दांडी, म्हणजे पृष्ठरज्जू. तिच्या वरच्या अंगास पोकळ चेतारज्जू. घशाच्या बाजूंना कल्लाविदरे किंवा त्यांच्या खुणा. आणि गुदद्वाराच्या मागे गेलेली शेपटी. या यादीत कणा कोठेच नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

या संघाचे तीन गट आहेत. पहिल्यात समुद्रातील ॲसिडियन येतात. त्यांची अळी बेडकाच्या पिल्लासारखी पोहते. तिच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो. पुढे ती खडकाला चिकटते आणि शेपटी व पृष्ठरज्जू दोन्ही नाहीसे होतात. १८६६ साली रशियन शास्त्रज्ञ कोवालेव्हस्की यांनी ही अळी अभ्यासली, तोवर अनेक अभ्यासक ॲसिडियनांना कालवा-शिंपल्यांचे नातलग समजत. दुसऱ्या गटातील ॲम्फिऑक्ससला पृष्ठरज्जू जन्मभर असतो, कणा कधीच नसतो. तिसरा गट पृष्ठवंशीयांचा: मासे, बेडूक, साप, पक्षी आणि आपण. आपल्यालाही गर्भात पृष्ठरज्जू असतो. नंतर मणक्यांचा कणा त्याची जागा घेतो. मणक्यांमधील चकत्यांचा मऊ गाभा त्या पृष्ठरज्जूपासूनच बनतो.

आमच्या बँकेतले उदाहरण द्यायचे तर, प्रत्येक बचत खातेदार हा बँकेचा खातेदार असतो. पण प्रत्येक खातेदाराचे बचत खाते असतेच असे नाही. तसेच प्रत्येक पृष्ठवंशीय प्राणी समपृष्ठरज्जू असतो, उलट मात्र खरे नाही.

माशासारखा दिसणारा ॲम्फिऑक्सस आपला अधिक जवळचा, असे पूर्वी मानत. २००६ साली जनुकांच्या तुलनेतून दिसले, की खडकाला चिकटलेला ॲसिडियनच आपला अधिक जवळचा आप्त आहे. दिसण्यावरून नाते ठरवू नये, हेच खरे.

विद्यार्थी मित्रांनो, शिकवणाऱ्याचे सांगणेही पुस्तकाशी ताडून पाहा. त्या मुलीची आम्ही वर्गातच माफी मागितली. आता आमचे पुस्तक उघडे असते, आणि ती आमच्या प्रत्येक वाक्याला “कशावरून?” असे विचारते.