वाळूज ते हिरोशिमा : तेल जाळणाऱ्या इंजिनांच्या देखभालीचा मागोवा

गंगापूर तालुक्याच्या गेल्या चार दशकांच्या इतिहासात वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला मोठे स्थान आहे; मात्र तो इतिहास बहुधा जमिनी, कारखाने आणि रोजगार यांच्या अंगाने सांगितला जातो आणि कारखान्याबाहेर पडलेली वाहने पुढे वर्षानुवर्षे कशी चालती राहिली, हा भाग त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात साधारण १९८५ ते २०१० या काळातील टू-स्ट्रोक वाहनांच्या देखभालीचा मागोवा घेतला असून, त्याच्या जोडीला जपानी आणि जर्मन मोटारींतील रोटरी इंजिनाचा विचार केला आहे. ही दोन इंजिने रचनेने अगदी वेगळी असली, तरी दोन्हींत हलणारे भाग थोडे आहेत, दोन्ही वंगणाचे तेल इंधनाबरोबर जाळतात आणि दोन्हींना अखेर धुराच्या कायद्यांपुढे माघार घ्यावी लागली. भाग कमी म्हणजे देखभाल कमी, हा समज या दोन्ही इंजिनांनी खोटा ठरवला.

बजाज ऑटोने पुण्याजवळच्या आकुर्डीनंतरचा आपला मोठा कारखाना औद्योगिकदृष्ट्या मागास मानल्या जाणाऱ्या मराठवाड्यात, वाळूजला उभारला आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कारखान्याभोवती पुरवठादारांचे जाळे विणले गेले. एंड्युरन्स आणि व्हेरॉक यांसारख्या, पुढे देशाबाहेर पोचलेल्या वाहनभाग उत्पादक कंपन्या याच परिसरात वाढल्या. त्या वेळी कंपनीची ओळख १९७२ पासून बनत असलेल्या चेतक स्कूटरवर आणि टू-स्ट्रोक रिक्षांवर उभी होती, आणि १९८६ मध्ये त्यांत एम-८० या हलक्या गिअरच्या गाडीची भर पडली. ग्रामीण महाराष्ट्रात दुधाच्या कॅनपासून खताच्या गोणीपर्यंत सर्व काही वाहून नेणारी ही गाडी शेतकऱ्याच्या कामाचे साधन झाली, आणि जे साधन रोज लागते त्याची दुरुस्ती गावातच व्हावी लागते. म्हणून कारखान्यात एक तंत्रज्ञान वाढत असताना रस्त्यांच्या फाट्यांवरील गॅरेजांत त्याला पूरक असे दुसरे कौशल्य घडत गेले.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली गेला की, म्हणजे क्रँकच्या एकाच फेऱ्यात, मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे पुरी होतात. फोर-स्ट्रोक इंजिनाला त्यासाठी दोन फेरे लागतात. सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट नावाची छिद्रे असतात आणि पिस्टन आपल्या हालचालीनेच ती उघडतो व झाकतो, त्यामुळे फोर-स्ट्रोकमधील व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट आणि त्यांना फिरवणारी साखळी यांची गरज उरत नाही. मात्र पेट्रोल आणि हवेचे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी क्रँककेसमधून, म्हणजे क्रँक ज्या पेटीत फिरतो त्या पेटीतून जात असल्याने, तेथे तेल साठवून ठेवता येत नाही आणि बेअरिंग, पिस्टन व रिंगा यांना लागणारे वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. हे टू-टी ऑइल पंपावर पेट्रोलबरोबर मोजून घातले जाई आणि लिटरला सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे दोन टक्के, हे पुढच्या काळात रूढ झालेले प्रमाण होते. तेल कमी पडले तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होई, जास्त झाले तर धूर वाढून प्लग काळा पडे. म्हणजे इंजिनाच्या आयुष्याचा एक भाग प्रत्येक वेळी पेट्रोल भरणाऱ्या माणसाच्या हातात होता. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवण्याची सवयही याच रचनेतून आली, कारण आत राहिलेले पेट्रोल उडून गेल्यावर मागे तेलाचा चिकट थर उरतो आणि बारीक जेट तुंबतात.

जळलेल्या तेलाचा कार्बन पिस्टनच्या माथ्यावर, सिलिंडरच्या हेडमध्ये, धूर बाहेर नेणाऱ्या पोर्टमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतो. धुराची वाट अरुंद झाली की गाडी चढाला दम सोडते, पेट्रोल अधिक पिते आणि गरम होते. म्हणून ठरावीक अंतराने कार्बन काढणे हा या गाडीच्या देखभालीचा कणा होता. व्हॉल्व्ह नसल्यामुळे थोडे नट काढताच हेड हाती येई. मग मऊ ॲल्युमिनियमवर चरे पडणार नाहीत अशा बेताने कार्बन खरवडला जाई आणि सायलेन्सर आतून जाळून किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून मोकळा केला जाई. जुन्या गाड्यांत ठिणगीची वेळ कॉन्टॅक्ट पॉइंट ठरवत. त्यांच्या टोकांवर खड्डे पडले की पॉलिश पेपरने ती साफ करून फट पुन्हा मापात आणावी लागे, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन आल्यावर हे नित्याचे काम संपले.

याहून सूक्ष्म परीक्षा ऑइल सीलची होती. क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेली ही रबरी कडी क्रँककेस हवाबंद ठेवते. ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या मॅग्नेटोच्या बाजूचे सील झिजले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन आपोआप वेग धरते आणि तापून जाम होण्याच्या वाटेला लागते. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्समधले ऑइल ओढले जाऊन मागे दाट पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइलची पातळी घटत जाते. अनुभवी मेकॅनिक इंजिन उघडण्यापूर्वीच आवाज, धुराचा रंग आणि प्लगचे तोंड पाहून यातील दोष ओळखत असे. सिलिंडर झिजला की लेथवर बोअर करून किंचित मोठ्या मापाचा पिस्टन बसवला जाई, आणि रिंगा बसवताना त्यांची तोंडे पिस्टनमधील बारीक खिळीवरच येतील याची खबरदारी घेतली जाई, कारण रिंग फिरून तिचे टोक पोर्टमध्ये अडकले तर ती मोडते आणि सिलिंडरही जातो. सिलिंडर पुन्हापुन्हा बोअर करता येण्याच्या या सोयीमुळेच तालुक्याच्या गावी असलेल्या लेथच्या बळावर एक इंजिन दोन-तीन आयुष्ये जगू शकले.

रोटरी इंजिनाची कथा मात्र याच्या बरीच आधी आणि दूर सुरू झाली होती. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये असे पहिले इंजिन चालले आणि १९६४ मध्ये एनएसयू स्पायडर या मोटारीतून ते रस्त्यावर आले. त्यात वरखाली होणारा पिस्टन नसतो. कमरेत किंचित आवळलेल्या लांबट पोकळीत तीन बाजूंचा रोटर फिरतो आणि त्याच्या प्रत्येक बाजूवर चारही कामे क्रमाने होत राहतात. येथेही व्हॉल्व्ह नाहीत आणि पोर्ट रोटरच उघडतो. मात्र रोटरच्या तीन कोपऱ्यांवरील ॲपेक्स सील, म्हणजे पोकळीच्या भिंतीला सतत घासत दाब धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, हे त्याचे मर्मस्थान ठरले. सुरुवातीच्या इंजिनांत या पट्ट्या थरथरून भिंतीवर ओरखडे पाडत. हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीत केनइची यामामोटो यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी ॲल्युमिनियमयुक्त कार्बनच्या पट्ट्या वापरून त्यावर मात केली आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली. एनएसयूच्या आरओ ८० या त्याच वर्षीच्या मोटारीला मात्र सील झिजण्याचा मोठा फटका बसला. एनएसयू १९६९ मध्ये ऑटो युनियनशी एक झाली आणि त्यातूनच आजची ऑडी घडली. पुढे छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे ज्या ऑडी मोटारींची जुळणी झाली, त्यांच्या वंशावळीत रोटरीचा जनक असा दडलेला आहे.

१९७८ ते २००२ या काळात बनलेली माझ्दा आरएक्स-७ ही रोटरीवर चालणारी सर्वांत प्रसिद्ध स्पोर्ट्स मोटार होय. ॲपेक्स सीलना वंगण मिळावे म्हणून तिच्या इंजिनात एक पंप थोडे थोडे तेल मोजून ज्वलनकक्षात सोडतो. या पंपावर विसंबून न राहता काही मालक टाकीतच टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात, म्हणजे गंगापूरच्या पंपावरील जुनी रीतच ते वेगळ्या कारणाने पाळतात. या इंजिनाची तब्येत पाहताना प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब स्वतंत्र मोजावा लागतो, कारण एकच पट्टी सैल झाली तरी तिच्या दोन्ही बाजूंचे कक्ष दुबळे होतात. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केले तर न जळलेले पेट्रोल आत साचून तेलाचा थर धुतला जातो, दाब उतरतो आणि गाडी पुन्हा सुरू होईनाशी होते. म्हणून ते पुरते गरम होऊ द्यावे, असा दंडक आहे. आणि येथेच स्कूटरशी असलेला मोठा फरक उघड होतो. रोटरीच्या पोकळीचा आकार वक्र आणि भिंत क्रोमचा मुलामा दिलेली असल्याने तिला साध्या लेथवर बोअर करता येत नाही. मुलामा उडाला की संपूर्ण हाउसिंग बदलावे लागते आणि ती गाडी कारखान्याच्या सुट्या भागांवर अवलंबून राहते. १९९१ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकूनही रोटरीला सर्वसामान्य मोटारींत टिकता आले नाही आणि २०१२ मध्ये आरएक्स-८ या माझ्दाच्याच रोटरी मोटारीचे उत्पादन थांबले. २०२३ मध्ये माझ्दाने हे इंजिन एमएक्स-३० या विजेच्या मोटारीत केवळ वीज निर्माण करण्यासाठी परत आणले.

रोटरीप्रमाणे टू-स्ट्रोकचा अस्तही धुराच्या नियमांमुळे झाला. धूर बाहेर जात असताना ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच त्याच्याबरोबर निसटतो, शिवाय वंगणही जळते, त्यामुळे १९९१ पासून लागू झालेले आणि १९९६ व २००० मध्ये कडक झालेले उत्सर्जनाचे नियम पाळणे या इंजिनाला अधिकाधिक अवघड गेले. वाळूजच्या कारखान्याचे उद्घाटन झाले त्याच वर्षी आलेल्या हीरो होंडा सीडी १०० या फोर-स्ट्रोक मोटारसायकलने कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर कापण्याची सवय ग्राहकाला लावली होती; बजाजनेही त्या दिशेने पावले टाकली आणि १९९८ मध्ये वाळूजमधूनच कॅलिबर ही फोर-स्ट्रोक मोटारसायकल बाहेर पडली. २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटरनिर्मिती थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि जानेवारी २०२० मध्ये चेतक हे नाव परतले ते विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर, जिच्यात जाळायचे तेलही नाही आणि क्रँकचे सीलही नाही.

आता या जुन्या गाड्यांना वारशाचे मोल येत आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींची व्हिंटेज वाहन म्हणून नोंदणी करता येते. १९७२ च्या चेतकने ही मर्यादा २०२२ मध्ये ओलांडली, तर पहिल्या एम-८० ला ती २०३६ मध्ये गाठता येईल. मूळ रूप राखण्याची ही अट गाडी झाकून ठेवल्याने पुरी होत नाही. तिला सीलची निवड, तेलाचे प्रमाण आणि बोअरचे माप यांचे ज्ञान लागते, आणि ते आज वयस्क होत चाललेल्या मेकॅनिकांच्या हातांत आणि कानांत साठलेले आहे. वाळूज परिसरातील कारखान्यांनी, जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आणि जुन्या गाड्या जपणाऱ्या मालकांनी हे ज्ञान मराठीत, मापे आणि आकृत्यांसह लिहून ठेवले पाहिजे, आणि हे काम ती माणसे गॅरेजात उभी आहेत तोवरच हाती घेतले पाहिजे.