पीयूसीला न दिसणारा धूर

डिझेल ट्रकची पीयूसी कशी निघते, हे ड्रायव्हर-मालक सोडले तर फारसं कुणी पाहिलेलं नसतं. पेट्रोल पंपाच्या कडेला एक जुनी व्हॅन उभी असते. आत कॉम्प्युटर, प्रिंटर आणि धूर मोजायचं यंत्र. आधी नंबर प्लेटचा फोटो, मग सायलेन्सरच्या तोंडात एक नळी. इंजिन गरम झालेलं असावं लागतं. गाडी न्यूट्रलमध्ये, आणि खूण झाली की ड्रायव्हर एक्सलेटर एका दमात तळापर्यंत दाबतो. इंजिन ओरडतं, पाय सुटतो, पुन्हा तेच. असं काही वेळा झालं की नोंदींची सरासरी निघते, प्रिंटर कुरकुरतो आणि कागद हातात येतो.

यंत्रात ४३ सेंटिमीटर लांबीच्या नळीत धूर भरलेला असतो. नळीच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला उजेड मोजणारा सेन्सर. धुराने किती उजेड अडवला, तो आकडा ‘हार्ट्रिज’ या मापात येतो. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराच्या नियमांचे टप्पे. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना मर्यादा ६५. म्हणजे हातभर लांबीच्या त्या नळीत शंभरातले पासष्ट भाग उजेड धुराने गिळला तरी गाडी पास! बीएस-४ ला मर्यादा ५० आहे.

या चाचणीत इंजिनावर ओझं नसतं. गाडीत माल नाही, चढ नाही, गिअर नाही. आणि मोजला जातो तो फक्त डोळ्यांना दिसू शकणारा काळा धूर. जुन्या गाड्यांच्या बाबतीत तेवढ्यानेही काही साधत होतं, पण तिथेही पळवाट जुनीच: पीयूसीच्या आधी मेकॅनिककडे जाऊन डिझेल पंपाचा स्क्रू थोडा आवळायचा, इंजिनाला तेल कमी सोडायचं आणि कागद मिळाला की स्क्रू पूर्ववत. एरवी मालाने भरलेली गाडी चढ चढणार कशी, हा मालकाचा प्रश्नही काही खोटा नाही.

मुंबईत ही चाचणी कुठे सर्वांत महत्त्वाची ठरावी, असं विचारलं तर मी देवनारचं नाव घेईन. इथल्या रस्त्यांवर जड गाड्यांचे किती प्रकार एकत्र येतात पाहा. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड पूर्व द्रुतगती महामार्गाला सायन-पनवेल रस्त्याशी जोडतो, त्यामुळे वाशी खाडीपलीकडे जाणारे कंटेनर आणि ट्रेलर इथून जातात. माहुलच्या रिफायनऱ्यांचे टँकर जवळच. बांधकामांचं डेब्रिज वाहणारे हायवा आहेत, सिमेंट फिरवत जाणारे मिक्सर आहेत. १९७१ पासून चालू असलेल्या पशुवधगृहाकडे जनावरांच्या गाड्या येतात. बकरी ईदच्या आधी तर राजस्थान-गुजरातच्या नंबरचे, आत फळ्या ठोकून दोन मजले केलेले ट्रक रांग लावतात. आणि १९२७ पासूनची कचराभूमी, जिला सगळे नुसतं ‘डंपिंग’ म्हणतात, तिथे कचऱ्याचे कॉम्पॅक्टर आणि डंपर. या सगळ्यांच्या दोन्ही बाजूंना शिवाजी नगर, बैंगनवाडी आणि गोवंडीची दाट वस्ती. ट्रकच्या सायलेन्सरचं तोंड आणि शाळेतून घरी चाललेल्या पोराचं नाक यांत कधी कधी वावभर अंतरही नसतं. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये ‘माणसाला कर्करोग करणारा’ अशा पहिल्या वर्गात टाकलं, तंबाखूच्याच रांगेत.

आता नियमांकडे. कागदावर आपण फार मोठी मजल मारली आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करायला हवं. मोटारगाडी चाचणीसाठी रोलरवर चढवतात आणि किलोमीटरमागे किती ग्रॅम विष बाहेर पडलं ते मोजतात. ट्रकचं तसं नाही. तेच इंजिन डंपरमध्ये बसतं, बसमध्ये बसतं, मिक्सरमध्येही बसतं. म्हणून इंजिन एकटंच चाचणीच्या बाकावर बांधतात आणि त्याने केलेल्या कामाच्या एका युनिटमागे, आपल्या वीजबिलातल्याच युनिटमागे, किती ग्रॅम बाहेर पडलं ते पाहतात. पुण्याला वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय ही १९६६ ची संस्था हेच काम करते. तिथून किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या संस्थेकडून मान्यता मिळाल्याशिवाय कंपनीला गाडी विकता येत नाही.

२००० साली पहिल्यांदा लागू झालेल्या टप्प्यात ट्रकच्या इंजिनाला युनिटमागे नायट्रोजन ऑक्साइडचे ८ ग्रॅम आणि काजळीचे ०.३६ ग्रॅम माफ होते. बीएस-४ मध्ये ते साडेतीन ग्रॅम आणि ०.०२ ग्रॅमवर आलं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, मधला पाचवा टप्पा गाळून. आता मर्यादा ०.४ ग्रॅम आणि ०.०१ ग्रॅम. शिवाय कणांचं नुसतं वजन नाही, संख्याही मोजायची. वीस वर्षांत एक वायू वीस पटींनी आणि काजळी छत्तीस पटींनी खाली. यासाठी आधी डिझेल साफ करावं लागलं. गंधकाचं प्रमाण दहा लाखांत ३५० भागांवरून ५० वर आणि मग १० वर आणलं, कारण गंधक जास्त असेल तर धूर शुद्ध करणारी रसायनं निकामी होतात. देवनारच्या पलीकडे माहुलला जे कारखाने आहेत, तिथेही हे काम झालं आहे.

कंपन्यांनी हे आपखुशीने केलं, असं कुणी समजू नये. बीएस-३ च्या उरलेल्या गाड्या विकू द्या, म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. २९ मार्च २०१७ ला न्यायालयाने नाही म्हटलं. बीएस-४ च्या वेळी ऑक्टोबर २०१८ मध्येच तारीख बजावून ठेवली. मुंबईतही धक्का कोर्टानेच दिला. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ची १९९९ ची याचिका, त्यातून आलेली व्ही. एम. लाल समिती आणि मग सीएनजीवर गेलेल्या टॅक्सी हा इतिहास अनेकांना आठवत असेल. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा विचारलं की शहरातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने काढता येतील का, आणि सरकारने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

पण बीएस-६ ची ही ०.४ ग्रॅमची मर्यादा टिकते कशाच्या जोरावर, ते पाहिलं की देवनारची अडचण लक्षात येते.

बीएस-६ ट्रकला डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक छोटी टाकी असते. ड्रायव्हर तिला ‘युरियाची टाकी’ म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. तो सायलेन्सरच्या गरम वाफाऱ्यात फवारला जातो, त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. काजळीसाठी त्याच्याही आधी एक जाळी, म्हणजे फिल्टर. तो भरत आला की आतली काजळी साडेपाचशे-सहाशे अंशांवर जाळून टाकायची. याला ‘रीजन’ म्हणतात.

दोन्ही गोष्टींना उष्णता लागते. वाफारा दोनशे अंशांच्या आसपास पोचला नाही तर युरिया फवारून उपयोग नाही. तो मीठ साचल्यासारखा नळीत जमतो. महामार्गावर भरल्या गाडीने साठच्या वेगाने जाणाऱ्या ट्रेलरला हे सहज जमतं. कचऱ्याच्या गाडीचं आयुष्य मात्र उलटं. गल्लीत थांबायचं, दहा पावलं पुढे जायचं, पुन्हा थांबायचं, कचरा दाबायला इंजिन चालू ठेवायचं, लिंक रोडला रांगायचं, मग डंपिंगच्या गेटवर नंबर लागेपर्यंत उभं राहायचं. वाफारा तापतच नाही. फिल्टर तुंबतो, लाल दिवा लागतो, गाडीची ताकद उतरते. आता उभ्या गाडीचा रीजन करायचा, तर इंजिन जोरात फिरवत अर्धा-पाऊण तास थांबायचं आणि तेवढा वेळ सायलेन्सरमधून भट्टीसारखी हवा सुटणार. कंपनीची पुस्तिका सांगते की पेट घेईल अशा वस्तूंजवळ हे करू नका. जानेवारी २०१६ मध्ये ज्या पेटलेल्या ढिगाचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, जिथे कचऱ्यातून मिथेन निघत असतो, तिथे रांगेत उभ्या ड्रायव्हरने हे कुठे जाऊन करायचं?

मग तो मालकाला फोन करतो आणि मालक मेकॅनिकला. ‘बायपास मारून टाकू’ हे वाक्य इथून येतं. फिल्टरचा डबा कापून आतली जाळी काढायची, डबा पुन्हा वेल्ड करायचा. बाहेरून गाडी जशीच्या तशी. युरियाच्या यंत्रणेच्या वायरवर एक काड्यापेटीएवढं इलेक्ट्रॉनिक खेळणं जोडायचं, जे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगत राहतं की टाकी भरलेली आहे, फवारा चालू आहे, सगळं झकास. नाही तर युरिया संपल्यावर गाडीची ताकद आधी कमी होते आणि पुढे ती नुसती रांगते, कारण नियमच तसा आहे. युरियाचा खप डिझेलच्या अंदाजे पाच टक्के. एकाच गाडीवर हप्ते फेडणाऱ्या माणसाला तो खर्च रोज डोळ्यांसमोर दिसतो. काही जण शेतातला युरिया पाण्यात कालवून घालतात. त्यातल्या अशुद्धीने नोझल बसतं आणि वाचवलेले पैसे दामदुपटीने जातात.

आणि आता अशी फिल्टर काढलेली गाडी पीयूसीच्या व्हॅनपाशी आणा. नव्या इंजिनात डिझेल इतक्या प्रचंड दाबाने आणि बारीक फवारलं जातं की फिल्टर नसला तरी काळा धूर फारसा दिसत नाही. डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण मात्र कैक पटींनी वाढलेले असतात, ते त्या दिव्याच्या उजेडाला अडवत नाहीत. नायट्रोजन ऑक्साइड तर ट्रकच्या पीयूसीत मोजलाच जात नाही. गाडी पास. बीएस-६ असल्यामुळे कागद सहा महिन्यांचा नाही, वर्षाचा. म्हणजे ज्या विषासाठी वीस पट कडक नियम केला, ते विष अशा गाडीत रस्त्यावर एकदाही तपासलं जात नाही. पीयूसी नसेल तर दंडाची कमाल मर्यादा दहा हजार रुपये. आणि पीयूसी असूनही विष ओकणाऱ्या गाडीला हवालदार हात तरी कशाच्या आधारावर करणार?

पीयूसी मिळणंही कठीण नाही. दिल्लीतल्या तपासणी केंद्रांवरचा कॅगचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. २०१५ ते २०२० या काळात तपासलेल्या सुमारे २२ लाख डिझेल गाड्यांपैकी जवळपास चोवीस टक्क्यांत चाचणीचा आकडाच नोंदलेला नव्हता, आणि मर्यादेपेक्षा जास्त आकडा नोंदूनही हजारो गाड्यांना प्रमाणपत्र मिळालं होतं. आपल्याकडे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये ‘पीयूसी नाही तर इंधन नाही’ अशी घोषणा केली. ती ऐकून मला कौतुकापेक्षा काळजीच वाटली. कागद जितका सक्तीचा, तितका तो विकत मिळण्याचा बाजार मोठा.

नियम चुकवण्यात आपलीच माणसं हुशार, असं मात्र नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये ट्रक इंजिन बनवणाऱ्या सात बड्या कंपन्यांना सरकारशी तडजोड करावी लागली. त्यांच्या इंजिनांचा कॉम्प्युटर चाचणीत एक वागायचा आणि महामार्गावर दुसरंच. त्यातून गाडीवरच छोटी प्रयोगशाळा बसवून धावत्या ट्रकचा धूर मोजायची पद्धत रुजली. आपल्याकडे बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्याबरोबर, १ एप्रिल २०२३ पासून, ती आली. पण त्यासाठी निवडलेली गाडी नीट देखभाल केलेली असावी लागते. वेल्ड केलेला डबा घेऊन फिरणारा डंपर त्या प्रयोगशाळेपर्यंत कधी पोचत नाही.

बेल्जियमने २०२२ मध्ये आणि नेदरलँड्स, जर्मनीने २०२३ मध्ये वार्षिक तपासणीतच सूक्ष्म कण मोजणारं यंत्र आणलं. तिथे एक्सलेटर दाबावा लागत नाही, इंजिन नुसतं चालू ठेवलं की काही सेकंदांत आकडा येतो. फिल्टर फुटलेला असो की काढलेला, लगेच उघडं पडतं. कॅलिफोर्नियात साडेसहा टनांच्या आसपास आणि त्यापुढच्या डिझेल गाड्यांना वर्षातून दोनदा कॉम्प्युटरमधली नोंद दाखवावी लागते, आणि हे बाहेरच्या राज्यातून आलेल्या ट्रकलाही चुकत नाही. देवनारच्या रस्त्यावर एमएच-०३ च्या शेजारी आरजे, जीजे, एनएल अशा पाट्या पाहिल्या की ही दुसरी अट आपल्याकडे किती कामाची आहे, ते कळतं.

देवनारला तर येत्या काही वर्षांत याची खरी निकड आहे. डंपिंगवर साचलेला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हटवायला महापालिकेने २०२५ मध्ये २,३६८ कोटींची निविदा काढली. मुदत तीन वर्षांची. चाळून निघालेली काही माती जागीच वापरली गेली, असं धरून निम्माच माल बाहेर न्यायचा म्हटला, तरी वीस टनी गाडीच्या साडेचार लाखांहून जास्त खेपा होतात. म्हणजे रोज चारशेच्या वर, आणि तेवढ्याच गाड्या रिकाम्या परत येणार, सगळ्या याच लिंक रोडवरून आणि याच वस्त्यांच्या तोंडावरून. त्या बीएस-६ च्या असाव्यात अशी अट घातली तरी ती निम्मीच अट झाली. कंत्राटदाराची गाडी बिलासाठी डंपिंगच्या वजनकाट्यावर उभी राहतेच, काट्याची पावती निघेपर्यंत इंजिनही चालूच असतं. कण मोजणाऱ्या यंत्राची नळी सायलेन्सरला लावायला तेवढा वेळ पुरतो, आणि नापास गाडीची खेप बिलात धरायची नाही, एवढं एक कलम कंत्राटात असलं की मेकॅनिककडे बायपास मारायला जाणारा मालक आधी हिशेब करेल.