दुधाचे दात पडणारच, मग?

पडणार हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. खरा घोटाळा रात्री होतो. झोपेत लाळ फारच कमी सुटते. बाटली तोंडात धरून झोपलेल्या बाळाच्या वरच्या पुढच्या दातांवर दूध साचतं, जिवाणू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात आणि सामू ५.५ च्या आसपास उतरला की एनॅमल विरघळू लागतं. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर डेंटिस्ट गाठा. तेव्हा कीड अजून थोपवता येते. ब्रिटनमध्ये एनएचएसकडे मुलांची तपासणी फुकट होते. पहिला दात दिसताच ब्रश सुरू करा. किमान १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, तिसऱ्या वर्षापर्यंत ब्रशवर पुसटशी, पुढे वाटाण्याएवढी. नंतर नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही (आपल्या आज्यांना हे पटवणं अवघड!). ब्रशनंतर बाटली हवीच असेल तर त्यात फक्त पाणी.