चौघांतला एकच का अडकतो?

ब्राउन हेरॉइनच्या पुड्या पकडल्याची बातमी रत्नागिरीच्या पानावर येते, तेव्हा माल किती ग्रॅम आणि किंमत किती, एवढंच कळतं. एका वाचकाने पुढचं विचारलं आहे: एकाच वाडीतल्या चार पोरांनी हीच गर्द ओढून पाहिली, तर एकच का अडकतो?

मला या प्रश्नावर १९७८ सालचा एक प्रयोग आठवतो. अमेरिकेतल्या ओहायोत मेंदूशास्त्रज्ञ याक पँक्सेप आणि सहकाऱ्यांनी एकटं ठेवलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना हेरॉइनच्याच कुळातलं मॉर्फिन दिलं, तेही गुंगी येणार नाही इतकंच. पिल्लांचं केकाटणं ओसरलं. मोडलेल्या हाडाची वेदना शमवणारं रसायन ताटातुटीचीही वेदना शमवतं. कुशीतल्या उबेने शरीरातली स्वतःची मॉर्फिनसारखी रसायनं (ओपिऑइड्स) हेच काम करत असावीत, असं त्याने मांडलं.

आता ज्याला ती ऊब मिळालीच नाही, त्या मुलाचा विचार करा. ‘मी नकोसा आहे’, ‘माझ्यातच खोट आहे’, ‘माणसं सोडूनच जातात’ असे समज त्याच्या मनात लहानपणीच मुरू शकतात. मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांनी अशा समजांचे १८ प्रकार मांडले. अशा मनाला पुडीतून नुसती नशा मिळत नाही, आयुष्यात पहिल्यांदाच निवांत वाटत असावं.

पण ‘बालपण बिघडलं म्हणून व्यसन लागलं’ असं ठामपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. या समजांची प्रश्नावली बहुधा उपचाराला आलेल्यांकडून भरून घेतात. तोवर चोऱ्या, मार, घरच्यांचे शिव्याशाप सगळं होऊन गेलेलं असतं. ‘मी नालायक’ हे त्याला आईबापांनी शिकवलं की व्यसनाच्या दहा वर्षांनी, हे त्या कागदावरून कसं ठरवणार? शिवाय आनुवंशिकता आहे, संगत आहे, पुडी सहज मिळणं आहे. कष्टाचं बालपण काढलेली बहुतेक माणसं व्यसनाकडे वळतही नाहीत.

उपचारांत मात्र हे समज विसरून चालत नाही. ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधाने तलफ आवरते, आणि ते डॉक्टरांना न विचारता थांबवणं धोक्याचं असतं. पण औषध चालू असताना घरात रोज ‘तू वाया गेलास’ ऐकू येत असेल, तर जुना समज पक्काच होतो. म्हणून घरच्यांनाही उपचारांत सामील करायला हवं. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात असा एखादा गट हवा, आयांसाठीसुद्धा.